थांब म्हणणाऱ्याचा चहा

वैजयंता मगदूमला हल्ली कुणी "हो" म्हटलं की भीती वाटायची.

आता ही काय तक्रार झाली, असं कुणीही म्हणेल. जिची नोकरीच मुळी लोकांकडून होकार मिळवण्याची, तिने होकाराला घाबरावं म्हणजे हलवायाला साखरेची भीती वाटण्यातला प्रकार. पण झालं होतं खरं तसं. "ताई, तुम्ही म्हणता ते पटलं," असं कुणी म्हणालं की तिचा हात आपोआप उजव्या कानाकडे जायचा, आणि तिथलं ते तांदळाएवढं यंत्र चाचपून परत खाली यायचा.

ते यंत्र तिच्या कानात कसं आलं, ते आधी सांगायला हवं.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत ढवळे कास्टिंग्ज हा ओतकामाचा कारखाना. तीन पिढ्या इथे इंजिनांचे भाग ओतले गेले. मग रस्त्यावरच्या गाड्या विजेवर धावायला लागल्या आणि इंजिनाला कुणी विचारेना. कारखाना तगवायचा तर रेल्वेचे आणि पवनचक्क्यांचे भाग करायला हवे होते, आणि त्यांना लागणारा नेमकेपणा माणसाच्या हातून दिवसभर टिकत नाही. म्हणून तरुण मालक तेजस ढवळे याने नवी लाइन आणली. वितळलेलं लोखंड वाहून नेणारा एक यांत्रिक हात, त्या हाताला कॅमेऱ्याचा डोळा, आणि काचेच्या खोलीत बसून त्यावर लक्ष ठेवणारी माणसं. नोकरी कुणाचीच जाणार नव्हती, पण काम एकाचंही पहिल्यासारखं राहणार नव्हतं. भट्टीपुढे ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना आता काचेमागे बसायला सांगायचं होतं. ते सांगायचं कुणी? तर वैजयंताने. तिच्या दारावर 'बदल प्रमुख' अशी पाटी लागली, आणि पाटीखालून जाताना "मग आधी हिलाच बदला की," असं म्हणून कामगार दात काढायला लागले.

तिला त्याचं वाईट वाटत नसे. ती याच कारखान्यातली पोर. वडील इथेच ओतकामावर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन ती फाटकाशी उभी राहायची, आणि आतून येणारी हाळी ऐकायची.

ती हाळी म्हणजे इथली रीत होती. भट्टीतलं लोखंड लॅडलमध्ये घेतलं, लॅडल म्हणजे आतून अस्तर दिलेली मोठी बादलीच, की फोरमन ओरडायचा, "हाय का?" प्रत्येकाने आपापल्या जागेवरून "हाय!" म्हणायचं. पण कुणीही, अगदी काल कामाला लागलेल्याने जरी "थांब!" म्हटलं, की सगळं जागच्या जागी थांबायचं. का थांबवलं, हे विचारायची मुभा नव्हती. लोखंड परत भट्टीत गेलं की मग बघायचं काय ते. आणि थांब म्हणणाऱ्याला फोरमन स्वतःच्या हाताने चहा नेऊन द्यायचा, त्याचं बरोबर निघो की चूक. चूक निघाली तर चहात साखर बेसुमार, एवढाच काय तो फरक. सगळे हसायचे, तो माणूस तो पाक तोंड वाकडं करून प्यायचा आणि विषय संपायचा.

हा फोरमन म्हणजे हिंदुराव चौगुले. वैजयंताचे हिंदूमामा. वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. तिच्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले ते मामाच. माणूस मोठा हट्टी आणि थोडा घमेंडखोर. कुठल्याही गोष्टीला त्यांचा पहिला शब्द "न्हाई" असायचा. नव्या लाइनलाही तोच. आणि कारण काय? तर त्यांची खुर्ची जिथे असते तिथे नवी भिंत येणार आणि दाराची झुळूक बंद होणार! पण मामा "न्हाई" म्हणाले म्हणजे सगळं खातं "न्हाई" म्हणालं. घोडं तिथेच अडलं.

मग तेजसने पुण्याहून 'कानोसा' आणला.

माणूस बोलतो तेव्हा त्याच्या गळ्याचे स्नायू सारखे बारीक थरथरत असतात. आपल्या कानांना ते कळत नाही. मनात एक आणि ओठांवर दुसरंच असलं की त्या थरथरीची लय बदलते, शब्दाआधीचा श्वास किंचित अडतो, शेवटचा स्वर आखूड होतो. कामगारांच्या हेल्मेटमध्ये गोंगाट मोजायला माइक होतेच. कानोसा त्या माइकमधून, आणि हेल्मेट नसेल तिथे कानातल्या यंत्राच्या माइकमधून, हे सगळं टिपायचा, आधी ऐकलेल्या लाखो संभाषणांशी ताडून बघायचा आणि शोधून काढायचा की या माणसाच्या नकाराच्या मुळाशी आहे काय. अपमानाची भीती, मागे पडण्याची भीती, का नुसती सवय? मग त्या भीतीला नेमकं लागू पडेल असं एक वाक्य तो वैजयंताच्या कानात सांगायचा, आणि पाठोपाठ एक आकडा: संमती साठ टक्के, संमती ऐंशी टक्के. कोल्हापुरी बोली शिकवताना मात्र पुण्याचे इंजिनिअर रडकुंडीला आले होते. इथे शिवी हासडणारा माणूस खुशीत असतो आणि "आपण म्हणाल तसं" म्हणणारा मनातून पेटलेला असतो, हे यंत्राच्या काही केल्या गळी उतरेना.

माइकचं कामगारांना माहीत होतं. कानातल्या यंत्राचं फक्त वैजयंताला आणि तेजसला.

आणि ते चाललं हो! असं चाललं की तिला स्वतःचंच नवल वाटायला लागलं. सकाळी नाही म्हणणारा माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान डोलवायला लागायचा. भट्टीवरचा सर्जेराव, हीटर सांभाळणारा मुबारक मुजावर, काचेच्या खोलीत बसणारी तरुण दीपा हुजरे, एकेक करत सगळे आले. राहता राहिले मामा. त्यांच्यापुढे ती बसली तेव्हा कानोसा बराच वेळ गप्प होता. मग त्याने सांगितलेलं वाक्य ती जसंच्या तसं बोलली, "मामा, आज बाबा असते तर माझ्या एका शब्दावर डोळे मिटून उभे राहिले असते."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

कानात आकडा आला. शहाण्णव टक्के. वैजयंताने त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

*

भादव्यात नव्या लाइनची पहिली चाचणी झाली, आणि तिथेच घात झाला.

लॅडलचं अस्तर आदल्या दिवशी नवीन दिलं होतं. ते वाळवणारा हीटर मध्येच कधीतरी विझला. वरचा पत्रा गरम आणि आतलं अस्तर ओलं, अशी स्थिती. यंत्राला पत्र्याचं तापमान कळत होतं, त्यामुळे पडद्यावर सगळं हिरवंगार. आता ओल्या जागी वितळलेलं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ पाण्याच्या हजार-दीड हजार पट जागा मागते. तिला कोंडलेलं चालत नाही. ती समोरचं लोखंड उडवून बाहेर पडते. तशी ती पडली. बाकीचे दूर होते. मामा जुन्या सवयीने लॅडलपाशी उभे होते. त्यांचा डावा हात आणि मान भाजली.

जिवावरचं हातावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पण वैजयंताचा जीव काही थाऱ्यावर येईना. खात्यातली सगळी आंधळी झाली होती का? तिने सर्जेरावला बोलावलं.

"सर्जेराव, तुम्हाला काही दिसलं नव्हतं?"

"दिसलं की. लॅडलच्या ओठावर जरा वाफ दिसली."

"मग थांब का नाही म्हणालात?"

सर्जेराव तिच्याकडे बघतच राहिला. "तुमीच म्हणाला न्हवं का ताई? शंका काढणारे ढीगभर हाईत, सांभाळून घेणारा तुमच्यासारखा एखादाच. म्हटलं, आपण कशाला त्या ढिगात जायचं."

मुबारकने हीटरजवळून जाताना तो गार असल्याचं पाहिलं होतं. "तुम्हीच सांगितलं होतं," तो म्हणाला, "मुबारकभाई, आता तुमच्या डोक्याचा ताप यंत्राला घेऊ द्या. मी घेऊ दिला."

दीपाला पडद्यावरचा एक आकडा बराच वेळ जागचा हललेला दिसला नव्हता. ती रडायलाच लागली. "मॅडम, तुम्ही म्हणालात, पहिल्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंच, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. तुम्ही इतक्या प्रेमाने म्हणाला होतात..."

वैजयंता ऐकत होती. एकेक वाक्य तिच्याकडे परत येत होतं, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. यंत्राने बरोबर भीती शोधली होती आणि ती बरोबर पुसली होती. पण त्या भीतीच्याच हातात हात घालून तो "थांब"सुद्धा बसला होता. भीती गेली, तिच्याबरोबर तोही गेला. तिघांनी बघितलं, तिघांनी मूग गिळले आणि मामा भाजले.

संध्याकाळी घरी आली तर अभिनंदन भाजी निवडत बसला होता. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो, आणि वाद घालणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. आमटीत गूळ किती इथपासून पंचगंगेचा उगम कुठला इथपर्यंत त्याला सगळ्यावर मत असतं. किंवा होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आपण शेवटचं कधी भांडलो गं?"

"का?"

"आठवेना म्हणून विचारतो. मी काही बोलायला जातो, तू असं काहीतरी म्हणतेस की मला वाटतं, जाऊ दे, हिचंच बरोबर. मला वाटलं मी सुधारलो बहुतेक." तो हसला. "पण मजा नाही येत."

वैजयंताचा हात कानाकडे गेला. यंत्र कानातच होतं. घरी येताना काढायचं ती कित्येक दिवस विसरत होती. विसरत होती म्हणायचं, एवढंच.

तिने त्याला सांगून टाकलं. गवारीची एक शेंग त्याने हातात धरली होती, ती तशीच ठेवून तो गच्चीत गेला. तिला वाटलं, आता येईल आणि भांडेल. तो आला, पण भांडला नाही. ताट वाढून घेतलं आणि मुकाट्याने जेवला. तिला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

*

दवाखान्यात मामा उशीला टेकून बसले होते. हाताला भलं मोठं बँडेज.

"ये. बस." मग म्हणाले, "सगळ्यांना विचारत फिरतीयास म्हणं. मला न्हाई विचारलंस."

"तुम्हाला काय विचारायचं मामा? तुम्हीच तर भाजलात."

"मी बी बघितलं होतं, वैजू."

तिने स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"लॅडलच्या ओठावर ओल होती. मला दिसली. चाळीस वर्सं ती बादली बघतोय, न दिसायला काय झालं? थांब अगदी जिभंवर आलं होतं. म्हटलं, आता ओरडलो तर चारचौघांत पोरीचं तोंड पडंल. बापाची आठवण काढून बोलली होती बिचारी." मामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "पण इथं पडल्या पडल्या विचार केला. तुझा बाप? आणि डोळं मिटून उभा ऱ्हाणार? अगं, तो माणूस चहाच्या कपालासुद्धा हात लावून बघायचा, तापलाय का म्हणून. हे तुला ठाऊक न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे."

"मग? आणखी एक सांगतो. तू हल्ली बोलायच्या आधी कानाला हात लावतीस. बापाचं नाव घेतलंस तवा पण लावला होतास. काय हाय कानात?"

त्या क्षणी कानात खरोखरच एक वाक्य आलं. मऊ, समजूतदार, अगदी बेतशीर. ते बोलली असती तर मामांना पटलंही असतं.

"यंत्र आहे," वैजयंता म्हणाली. "काय बोलायचं ते सांगतं. बाबांचं वाक्य त्याचं होतं. माझं नव्हतं."

मामांनी भिंतीकडे कूस बदलली, भाजलेल्या हाताला सांभाळत सांभाळत.

"जा आता," ते म्हणाले.

ती जिन्यातच बसून रडली. सख्खा बाप एकदा गेला होता, आता दुसराही जातो की काय, असं तिला वाटत राहिलं.

*

तेजसला तिने सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. ऐकून तोही हादरला, येरझाऱ्या घालायला लागला.

"दसऱ्याला गिऱ्हाइकांसमोर पहिलं ओतकाम आहे," तो म्हणाला. "तोवर लोकांना पुन्हा थांब म्हणायला लावायचंच. आणि मॅडम, लोकांना एखादी गोष्ट करायला लावायचं आपल्याकडे साधन आहे. तेच वापरा."

तिला ते चुकीचं वाटत होतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तिने सभा घेतली. कानोसा सांगत गेला तशी बोलत गेली. तुमचा आवाज हीच कारखान्याची खरी सुरक्षा आहे वगैरे. झकास बोलली. बोलणं संपल्यावर सगळं खातं एकमुखाने म्हणालं, "व्हय ताई. आम्ही थांब म्हणू."

कानात आकडा आला. संमती शंभर टक्के.

वैजयंताला ओरडावंसं वाटलं. अरे, एकजण तरी म्हणा रे बाबांनो, की नाही म्हणणार! एकाने तरी विचारा, की आजवर गप्प बसवलंत आणि आता ओरडायला सांगताय, हा काय पोरखेळ लावलाय? पण सगळे कसे शहाण्यासारखे माना डोलवत होते. नाही म्हणायलासुद्धा त्यांनी हो म्हटलं होतं.

खंडेनवमीला कारखान्याची यंत्रं बंद ठेवतात, धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. त्या दिवशीही केली. नवे शर्ट, झेंडूच्या माळा, प्रत्येक यंत्राच्या कपाळाला हळदकुंकू. मामा दवाखान्यातून सुटून थेट तिथेच आले होते. मान त्यांचा. शिडीवर चढून उजव्या हाताने त्यांनी नव्या यांत्रिक हाताला कुंकू लावलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंताने पुढे होऊन त्यांना नमस्कार केला. मामा तिच्याकडे न बघता बाजूला झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या तेवढं आलं.

*

दसऱ्याच्या सकाळी पाहुणे काचेच्या खोलीत बसले. तेजस त्यांना लाइनची माहिती देत होता. वैजयंता खाली, पिवळ्या रेषेमागे उभी होती; पलीकडे दाराशी मामा. यंत्र कानात ठेवा, असं तेजसने बजावलं होतं. निदान आजच्या दिवस.

यांत्रिक हाताने लॅडल उचलली. आत लोखंड पिवळं धमक रसरसत होतं. आता हाळी नव्हती. दीपाने स्पीकरवरून विचारलं, "सगळे तयार?" प्रत्येकाने आपापलं बटण दाबलं आणि भिंतीवर हिरवे दिवे एकामागून एक लागत गेले.

वैजयंताने यांत्रिक हाताकडे पाहिलं. कुंकू त्याच्या डोळ्यावर होतं. यंत्राला कपाळ कुठे असतं? मामांनी सगळ्यात वरची गोल चकचकीत जागा बघून बोट टेकलं होतं, आणि ती होती कॅमेऱ्याची काच. काचेवर मधोमध लालबुंद ठिपका. हा हात साचा त्याच डोळ्याने शोधतो. चार बोटं इकडेतिकडे झाली तर लोखंड साच्याच्या बाहेर, जमिनीवर, माणसांच्या पायांत.

तिने सर्जेरावकडे पाहिलं. सर्जेराव ठिपक्याकडे बघत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मुबारकही बघत होता. काचेमागे दीपाची मान वर होती. सगळ्यांनी बघितलं होतं. बहुतेक सकाळपासूनच. पूजेचं कुंकू, त्यातून मामांनी लावलेलं, वर पाहुणे. कोण बोलणार?

हात साच्याकडे सरकला. तिने तोंड उघडलं, तसं कानातलं यंत्र हळूच म्हणालं, "बोलू नका. संमती शंभर टक्के आहे. आत्ता अडवलंत तर तुमच्यावरचा विश्वास ढासळेल."

कदाचित बरोबरच सांगत होतं ते. कदाचित काही होणारही नव्हतं. तिला नक्की माहीत नव्हतं. पण नक्की माहीत असेल तरच बोलायचं, असं त्या रीतीत कुठे होतं?

"थांब!" वैजयंता ओरडली. लहानपणी फाटकाबाहेरून ऐकलेल्या सुरात, घसा फाटेस्तोवर. "थांब! थांबवा!"

दीपाचा हात लाल बटणावरच होता जणू. यांत्रिक हात तिथल्या तिथे थिजला. मग हळूहळू मागे फिरला आणि लोखंड भट्टीत परत गेलं.

तेजस जिना उतरून धावत आला. "काय झालं मॅडम? पाहुणे बसलेत वर!"

तिने ठिपका दाखवला. लाइन बसवणारा इंजिनिअर शिडीवर चढला, काच पुसली, लॅपटॉप उघडून काहीतरी ताडून पाहिलं. "ह्या हाताला मागच्या बाजूला दुसरा डोळा आहे," तो खाली येऊन म्हणाला. "पहिला झाकला की दुसरा चालू होतो. झाला होता. काही झालं नसतं."

काही झालं नसतं. तेजसचा चेहरा लालेलाल झाला. "आपण उद्या बोलू," एवढंच म्हणून तो पाहुण्यांकडे वळला. वैजयंताला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. कानात आकडा उतरायला लागला होता.

मामा कधी बाहेर गेले ते कुणी पाहिलं नाही. आले ते उजव्या हातात काचेचा ग्लास घेऊन. सगळं खातं ओलांडून ते तिच्यापाशी आले, आणि ग्लास पुढे केला.

"घे."

तिने एक घोट घेतला. चहा कसला, पाक होता तो! साखर अजून तळाशी विरघळायची होती. तिचं तोंड वाकडं झालं, आणि सर्जेरावला हसू फुटलं. मग मुबारकला. मग सगळं खातं खो-खो हसायला लागलं.

"ताई, कुंकू मी पण बघितलं होतं," हसता हसता सर्जेराव म्हणाला. मग थांबला. "आणि खरं सांगू? ती हिरव्या दिव्यांची भानगड मला अजिबात पटलेली न्हाई. माणसाचा आवाज ऐकू यायला पायजे."

"हीटरपाशी माणूस हवाच," मुबारक म्हणाला. "यंत्रावर सोडून मी चूक केली. मी सोडणार नाही."

"मॅडम, तो पडदा चुकीचा आहे, मी केव्हापासून सांगणार होते..." दीपा वरून धावत आली होती.

मग काय, बांधच फुटला. याला भिंत नको, त्याला रात्रपाळी नको, कुणाला हेल्मेटमधला माइकच नको. सगळे एकदम बोलत होते, काही तर साफ चुकीचं बोलत होते. यंत्र कानात घाईघाईने वाक्यांवर वाक्यं सुचवत होतं आणि आकडा ऐंशी, साठ, चाळीस असा घसरत होता. वैजयंताला किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

तिने यंत्र कानातून काढलं आणि तळहातावर धरलं. "हे ऐका सगळे. तुमच्याशी मी जे बोलत होते ना, ते हे सांगत होतं. तुम्हाला न सांगता. तुमची शंका काय, भीती काय, हे तुमच्याच आवाजातून ओळखून. माझं चुकलं. मामा भाजले ते त्यामुळे."

मागून कुणीतरी एक सणसणीत शिवी हासडली. ती खुशीतली नव्हती, हे समजायला यंत्राची गरज नव्हती.

मामांनी तिच्या हातावरून ते तांदळाएवढं यंत्र उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि सरळ स्वतःच्या कानात घातलं. वैजयंताकडे बघत ते ऐकत राहिले. खातं बघत होतं.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"तुला काय म्हणू ते सांगतंय." मामांनी यंत्र काढलं आणि तिच्या हातावर परत ठेवलं. "लई गोड बोलतंय. तुला बरं वाटलं असतं."

"मग?"

"मग काय मग? माझं मी बोलतो." ते जरा थांबले. "मला तुझा राग आलाय, वैजू. अजून गेलेला न्हाई. कधी जाईल ते बी सांगता येत न्हाई. चहा संपव."

वैजयंताने तो पाक घोटाघोटाने, तोंड वाकडं करत शेवटपर्यंत संपवला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा समोरचा माणूस जे बोलला ते तिला खरं वाटलं.